माणकोंडा धरण कुठे संपतं

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. माझ्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी रक्तदाबाचा पट्टा माझ्या दंडाला पुन्हा गुंडाळला. व्याह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मगदूम, तुम्ही पंपांच्या धंद्यात उगाच आयुष्य घालवलंत, तमाशासाठी वग लिहायला पाहिजे होते. तरीही सांगतो. एका धरणाने मला एक प्रश्न विचारला होता, अगदी अदबीने, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्या हातात शेवटी एक दुपार उरली होती.

यंत्रणाकोशाचं वार्षिक संमेलन माणकोंडा धरणाच्या विश्रामगृहात भरतं. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की नव्या संपादकांना व्हरांड्यात बसवतात आणि कोशाचे नियम समजावून सांगायला मला त्यांच्यापुढे सोडतात. नुसते नियम सांगितले तर मंडळी मसालेभाताच्या अमलाखाली डोळे मिटतात, म्हणून मी ही हकिगत सांगतो. यंदा अगदी पुढ्यात केतकी बेळंके नावाची मुलगी बसली होती. मेट्रोचे ब्रेक हा तिचा विषय. ब्रेकची माणसं गोष्टीत रमत नाहीत, त्यांचं लक्ष सारखं पुढच्या अंतराकडे.

आधी कोश म्हणजे काय ते सांगतो. पुष्कळ सुटे भाग एकमेकांना जोडले आणि ते मिळून एक काम करू लागले की त्याला आपण यंत्रणा म्हणतो. विमानतळ ही यंत्रणा, दवाखाना ही यंत्रणा, गावची नळपाणी योजनाही यंत्रणाच. अशा गोष्टी कशा बांधायच्या, कशा तपासायच्या, त्या कुठे दगा देतात, याबद्दल माणसांना जे जे कळलं ते एका जागी, फुकट, सगळ्यांसाठी उघडं लिहून ठेवायचं, हा मूळ बेत. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. सुचवलेली दुरुस्ती घ्यायची की नाही ते मात्र त्या त्या प्रकरणाच्या संपादकांनी ठरवायचं.

आणि इथे आमच्या संपादक मंडळाने एक गंमत केली, जी मी दुसऱ्या कुठल्या कोशात पाहिली नाही. प्रत्येक प्रकरणाला संपादक दोन, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसलं पाहिजे. नेमणुकीआधी तशी चौकशी होते. मुलीच्या स्थळाची करतात तशीच, फक्त उलट्या बाजूने. बदल करायचा तर दोघांच्या सह्या लागतात, पण त्याआधी एकाने खरा आक्षेप घेतलेला आणि दुसऱ्याने त्याला खरं उत्तर दिलेलं चर्चापानावर दिसावं लागतं. भांडण न होता आलेलं वाक्य आम्ही घेत नाही. दोन भांडखोर ज्या ठिकाणी येऊन थांबतात तिथे काहीतरी खरं असण्याचा संभव जास्त, असा हिशेब.

‘यंत्रणेची सीमा’ हे प्रकरण माझ्याकडे आणि प्राध्यापक कुमुदिनी भोजे यांच्याकडे आलं. आमच्या बाबतीत मंडळाला चौकशीची गरजच पडली नाही. मिरजेच्या एका परिसंवादात आम्ही व्यासपीठावर असे जुंपलो होतो की आभार मानणाऱ्या गृहस्थांनी मध्येच उठून आभार मानले आणि माइक बंद करून टाकला.

भांडण काय होतं, तर यंत्रणा कुठे संपते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळं त्यावर अवलंबून. सीमेच्या आत जे असेल त्याची काळजी यंत्रणेने घ्यायची. बाहेर जे असेल ती परिस्थिती, तिची नुसती दखल. मी म्हणायचो, धरण म्हणजे भिंत, दरवाजे आणि मागचं पाणी, बस. माणूस बाहेर. माणसाला आत घेतलं की यंत्राला कशाचाच निर्णय घेता येत नाही. भोजेबाई म्हणायच्या, ज्यांच्यासाठी बांधलं त्यांनाच बाहेर काढलंत तर आत उरलं काय, सिमेंट?

हे वर्षानुवर्षं चाललं, आणि तोवर कोशात माझी जुनी व्याख्याच राहिली. रोज सकाळी चहाच्या वेळेला त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “मगदूम, तुम्ही चुकलाय.” मग मी चहा बाजूला ठेवायचो. त्या निवृत्त होऊन आईच्या गावी, माणकोंड्याच्या खालच्या अंगाला असलेल्या हिरडेवाडीत राहायला गेल्या, तरी फोन चुकला नाही. कधी बोलता बोलता एखाद्या मुद्द्यावर आमचं एकमत व्हायला लागलं तर दोघेही गप्प व्हायचो आणि घाईघाईने दुसरा विषय काढायचो. एकमताची कुणकुण लागली तर मंडळ दोघांपैकी एकाला बदलणार होतं. मला नवा शत्रू शोधायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही.

त्याच सुमारास यंत्रं वाचायला लागली.

हे नीट ऐका. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी. कालव्याच्या दरवाजाला पंपाचं कळत नसे, पंपाला विजेच्या जाळ्याचं. मग दुभाष्या नावाची एक वस्तू निघाली. डबी म्हणा, किंवा डबीतली अक्कल म्हणा. तिचं काम एकच, माणसाच्या वाक्यातला शब्द घेऊन तो यंत्राच्या मोजमापाशी जोडायचा. ‘पाणी चढतंय’ म्हणजे कुठली सुई कुठे, ‘पुरेसं’ म्हणजे किती. आता यंत्रं एकमेकांशी साध्या वाक्यांत बोलू लागली. आणि लगेच तंटे सुरू झाले. एक म्हणे धोका आहे, दुसरं म्हणे हा धोकाच नव्हे. मग दोघांचाही विश्वास बसेल असं एखादं पुस्तक हवं झालं. कंपन्यांची पुस्तकं कंपन्यांची. आमचा कोश कुणाचाच नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा झाला.

त्यातही एक गोष्ट अशी निघाली की तिची मी कल्पनाही केली नव्हती. यंत्रांना आमच्या व्याख्यांपेक्षा आमची भांडणं जास्त उपयोगी पडत होती. व्याख्या सांगते शब्दाचा अर्थ काय. भांडण सांगतं तो शब्द कुठे कुठे विरलेला आहे. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना दिलेले टोमणे पाण्याचे दरवाजे आणि दवाखान्यातली श्वासाची यंत्रं शांतपणे वाचत होती आणि त्यावरून ठरवत होती की कुठे जपून पाऊल टाकायचं.

व्हरांड्यात मी इथे एक रोपवेची गोष्ट सांगतो. ‘विसावा’ हे प्रकरण मी एकट्याने लिहिलं आणि त्यात म्हटलं की काम नसलेल्या यंत्रणेने काम शोधत फिरू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी एक रोपवे डोंगराच्या मध्यावर थांबला आणि झोपला. पाळण्यात एका मोडायला निघालेल्या लग्नाची दोन्हीकडची मंडळी. संध्याकाळी खाली उतरली तेव्हा लग्नाच्या याद्या झालेल्या.

“काका,” केतकी म्हणाली, “प्रकरण एकट्याने कसं लिहिलंत? प्रत्येक प्रकरणाला दोन संपादक असतात ना?”

मंडळी हसली. मी तिला म्हटलं, बाई गं, ब्रेक जरा बेताने लाव, गाडी अजून स्टेशनातच आहे. आणि धरणाकडे वळलो.

एका उन्हाळ्यात ‘सीमा’ प्रकरणाच्या चर्चापानावर एक नवी नोंद आली. खाली सही ‘माणकोंडा’. आधी मला वाटलं कुणा पोराचा चावटपणा. पण ती खरोखर धरणाच्या यंत्रणेकडून आली होती. मला ती पाठ आहे.

“संपादकांस नमस्कार. माझ्या दरवाजांतून सुटलेलं पाणी हिरडेवाडीपर्यंत पोचतं, तोवर मी ते मोजत असतो. आपल्या व्याख्येप्रमाणे मी भिंतीपाशी संपतो. मग भिंतीपासून हिरडेवाडीपर्यंत मोजणारा कोण? मी कुठे संपतो ते कृपया लिहावं.”

आयुष्यभर मी यंत्रांना काय करायचं ते सांगत आलो. आपण कोण आहोत हे त्यांतल्या एकाने मला पहिल्यांदा विचारलं होतं. त्या दिवशी मी भोजेबाईंना स्वतः फोन केला. पहिलं वाक्य कुणी म्हणायचं ते दोघांनाही सुचेना.

मंडळाची तातडीची बैठक झाली. धरणाने प्रश्न विचारावा का? एका सदस्याने धरण सज्ञान आहे का अशी शंका काढली, त्यावर दुसऱ्याने त्याच्या बांधकामाची तारीख दाखवली, ते सदस्यापेक्षा वयाने मोठं निघालं. अखेर ठरलं की जो स्वतःच्या नावाने सही करतो आणि कारण देतो त्याला विचारायचा हक्क आहे. सुचवायचाही आहे. पण बदलावर सही मात्र माणसांनीच करायची, कारण चुकलं तर जबाब माणसांना द्यायचा आहे. माणकोंड्याने एका शब्दात उत्तर पाठवलं, “योग्य.”

भोजेबाईंनी दुसऱ्याच दिवशी नवी व्याख्या मांडली, माणसांना आत घेणारी. मी आक्षेप घेतला. त्यांनी उत्तर दिलं, मी ते नाकारलं. पावसाळा लागला, संपत आला, प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. धरणाने दोनदा आठवण करून दिली, ‘सवडीने’ असा शब्द घालून.

मग परतीच्या पावसात तो दिवस आला.

कोशाची कचेरी तेव्हा इचलकरंजीत एका मागाच्या शेडवर होती. खाली माग चालायचे, वर आम्ही. मी सकाळीच येऊन बसलो होतो, कारण चहाच्या वेळेला फोन आला नव्हता. पडद्यावर माणकोंड्याच्या नोंदी येत होत्या. रात्रभर वरच्या डोंगरांत ढग फुटले होते, धरण आधीच भरलेलं. भिंतीवरचा दाब बघता दिवस मावळायच्या आत दरवाजे पुरते उघडावे लागणार होते. आणि ते उघडले की हिरडेवाडी पाण्याखाली. वाडीचा फरशी पूल तर सकाळीच बुडालेला, मागे सुटलेल्या दरडी. तिथल्या कुणालाही हलता येत नव्हतं.

वाट एकच होती. ते पाणी आत्तापासून थोडं थोडं दुसरीकडे काढायचं. डाव्या कालव्यात, वीजघराच्या बोगद्यात, आणि खालचा बंधारा आधीच रिकामा करून त्याच्या पोटात. पण कालवा एका खात्याचा, बोगदा दुसऱ्याचा, बंधारा तिसऱ्याचा. माणकोंड्याने तिघांच्या यंत्रणांना विनंती केली. तिघांनी कोश उघडला आणि उत्तर दिलं की तुझ्या भिंतीला धोका नाही, दरवाजे उघडलेस की ती सुरक्षित आहे. वाडी तुझ्या सीमेबाहेर आहे, तेव्हा ही तुझी अडचण नव्हे. खात्यांचे साहेब फोनवर भल्या माणसांसारखे बोलले. लेखी पत्र आलं की लगेच बघतो म्हणाले.

म्हणजे हिरडेवाडीच्या आणि पाण्याच्या मध्ये एक वाक्य उभं होतं, आणि ते माझं होतं.

मी भोजेबाईंना फोन लावला. लागला. मागे पावसाचा आणि गुरांचा आवाज. मी म्हटलं, बाई, तुमची व्याख्या मला मान्य आहे, मी सही करतो, तुम्ही करा.

“मला करता येणार नाही, मगदूम.”

मला वाटलं रेंज जातेय. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की आता या बदलात त्यांचा हितसंबंध आहे. हा बदल झाला तर त्यांचं घर वाचतं, त्या स्वतः वाचतात. तसं त्यांनी चर्चापानावर जाहीरही करून टाकलं होतं. हा नियम मंडळात त्यांनीच आणला होता. स्वतःचं घर वाचवण्यासाठी संपादकाने व्याख्या बदलली तर उद्या प्रत्येक जण आपापलं घर घेऊन येईल आणि त्यानंतर कुठलंही यंत्र कोशावर विश्वास ठेवणार नाही.

मी ओरडलो. काय ओरडलो ते नव्या संपादकांना सांगत नाही.

तेवढ्यात पडद्यावर माणकोंड्याची नोंद आली. त्याने नियम वाचले होते, आम्हा दोघांपेक्षा नीट. एका संपादकाचा हितसंबंध असेल तरी सही चालते, पण तीन अटी. हितसंबंध असलेल्याने स्वतःच्या फायद्याच्या विरुद्ध बाजूने आक्षेप घ्यावा. दुसऱ्याने त्याचं उत्तर द्यावं. आणि त्या दुसऱ्याने आपला हितसंबंध नसल्याचं जाहीर करून पहिल्याची त्यावर साक्ष घ्यावी. खाली धरणाने लिहिलं होतं, “आपलं भांडण अजून झालेलं नाही. वेळ कमी आहे. कृपया भांडावं.”

मग भोजेबाई भांडल्या. आयुष्यभर मी जी बाजू मांडली ती त्यांनी मांडली, आणि माझ्याहून किती तरी चांगली. पाणी गोठ्यापर्यंत आलं होतं, आणि ती बाई फोनवर स्वतःच्या विरुद्ध बोलत होती.

“माणसांना आत घेतलंत की धरण त्यांना मोजणार,” त्या म्हणाल्या. “मोजायला शिकलं की वजा करायलाही शिकणार. वाडीत माणसं थोडी, खाली शहरात पुष्कळ. एक दिवस ते म्हणेल, थोडी गेलेली परवडतात. आज ते आम्हाला बघत नाही. निदान आम्हाला निवडतही नाही. सांगा, याचं उत्तर काय?”

इतकी वर्षं मी या आक्षेपाच्या आसपास घुटमळत होतो, पण इतका उघडा करून तो मला कधी सांगता आला नव्हता. घोटभर पाणी प्यायलो. खाली शेडमध्ये खडखडाट चालू होता, आणि त्यातला एक माग एकदम थांबला.

नवे माग तुम्ही पाहिले असतील. ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पत्री लोंबत असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. बाकीचे हजारो धागे शाबूत असतात. तो म्हणत नाही की एकच गेलाय, विणूया पुढे. तुटलेला धागा सांधल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही.

मी ते फोनवर सांगितलं. अडखळत सांगितलं. म्हटलं, बाई, आत असणं म्हणजे मोजलं जाणं नव्हे. आत असणं म्हणजे तुटलं तर सगळं थांबावं असं असणं. धरण आपल्या भिंतीचा अर्धा भाग वाचवण्यासाठी उरलेला अर्धा सोडून देत नाही. माणूस आत आला तर तो भिंतीसारखा आत येऊ दे. आकड्यासारखा नको. आणि सगळ्यांना वाचवायची वाट दिसेनाशी झाली तर धरणाने निवडायचं नाही, थांबून माणसांना हाक मारायची.

“आणि सीमा कुठे आखायची?” त्यांनी विचारलं. “समुद्रापर्यंत?”

आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य रचलं. एक शब्द त्यांचा, एक माझा, असं. “यंत्रणेच्या कृतीचा ज्याच्यावर परिणाम होतो आणि ज्याला तिथून दूर होता येत नाही, तो यंत्रणेच्या आत आहे, आणि आत असलेलं काहीही आत असलेल्या दुसऱ्या कशासाठी खर्ची टाकता येत नाही.” मी जाहीर केलं की या बदलात माझा कोणताही हितसंबंध नाही. त्यांनी साक्ष दिली. दोघांनी सह्या केल्या.

पुढे जे झालं ते मी पडद्यावर पाहिलं, पण आठवतं असं की जणू डोंगरावर उभा राहून पाहिलं.

आधी काहीच झालं नाही. मग डाव्या कालव्याकडून दोन शब्द आले, “सीमा वाचली.” आणि त्यापाठोपाठ, “माझ्याकडे जागा आहे.” वीजघराचा बोगदा म्हणाला, जागा आहे. खालच्या बंधाऱ्याने आपले दरवाजे उचलले आणि कळवलं की रिकामा होतोय, थोडं थांब. मग नोंदी इतक्या वेगाने येऊ लागल्या की वाचता येईनात. कालव्याच्या फाट्यावरचे पंप. साखर कारखान्याचा तलाव. दगडाच्या बंद पडलेल्या खाणी. मत्स्यबीज केंद्र. आणि शेततळी, अहो, अख्ख्या तालुक्यातली शेततळी, प्रत्येकाच्या झडपेत बसवलेल्या दुभाष्याने तेच वाक्य वाचलं होतं आणि प्रत्येक जण सांगत होता, माझ्याकडे जागा आहे, माझ्याकडे जागा आहे. माणसांच्या तीन खात्यांना जे पत्राशिवाय बोलता येत नव्हतं ते ही चिमुकली तळी न विचारता बोलत होती.

“काका, शेततळ्यांनी काय होणार?” केतकीने विचारलं. “पुराच्या पाण्यापुढे ती म्हणजे ओंजळ.”

बरोबर आहे तिचं. खरा भार बोगद्याने आणि बंधाऱ्याने उचलला. तळ्यांनी ओंजळच घेतली. पण मी तिला म्हटलं, तू आकडा धरून बसलीस. मी त्या पडद्यासमोर बसून एका खोऱ्याला बोलताना ऐकत होतो. भिंती, नळ, झडपा, खड्डे, ज्यांना आपण वस्तू म्हणतो, ते सगळे एका संध्याकाळी एकमेकांना विचारत होते की तुझ्यात अजून कोण आहे, कुणाला हलता येत नाही. खालचे माग बंद करून कामगार जिना चढून वर आले होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एका बाईने पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, धरण बोलतंय होय?

माणकोंड्याच्या नोंदीचा साचा वर्षानुवर्षं एकच. पाण्याची पातळी, दरवाजे, भिंतीवरचा दाब. त्या संध्याकाळी पहिली ओळ वेगळी आली.

“माझ्या हिरडेवाडीत पाणी भोजे यांच्या पायऱ्यांशी आहे. पायऱ्या चढू देणार नाही.”

‘माझ्या’ हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. आमच्या वाक्यात तो नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

पाणी पायऱ्या चढलं नाही. बराच वेळ तिथेच हेलकावे खात राहिलं, मग एक पायरी सोडून गेलं, मग दुसरी. दरवाजे उघडले, पण सावकाश, दार लोटावं तसे. भिंत शाबूत राहिली, वाडीही. सकाळी चहाच्या वेळेला फोन वाजला आणि मी उचलायच्या आधी जरा वाजू दिला, नुसता आवाज ऐकायला. पहिलं वाक्य तेच होतं.

त्याच सकाळी चर्चापानावर माणकोंड्याने आपला जुना प्रश्न मिटवल्याची खूण केली. खाली लिहिलं होतं, “सीमा पाहून आलो. वाटली होती त्यापेक्षा लांब आहे. आभार.”

व्हरांड्यासमोर माणकोंड्याचं पाणी दुपारच्या उन्हात पसरलेलं होतं, आणि नवी मंडळी त्याच्याकडे अशी बघत होती की आत्ता ते मान वळवून आपल्याकडे बघेल.

केतकीने मात्र शेवटी बोट वर केलंच. तिला गोष्टीपेक्षा नियमाची काळजी. तिने विचारलं की त्या दिवशीचा अख्खा बदल ‘माझा हितसंबंध नाही’ या माझ्या एका वाक्यावर उभा होता. ते लिहिताना माझा हात अडखळला नाही का?

मी म्हटलं, का अडखळावा? हिरडेवाडीत माझं काय होतं? शेत नाही, घर नाही, सोयरीक नाही. ती वाडी मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. पाटी कोरी असणारा माणूस त्या दिवशी खोऱ्यात एकच होता, तो मी. म्हणून तर मंडळाने ते वाक्य डोळे मिटून मानलं, यंत्रांनी मानलं, आणि साक्ष देणारी बाई तर अशी की जिने जन्मात खोट्या शब्दाखाली सही केली नाही. नव्या संपादकांनी यातून एवढंच शिकावं की मन स्वच्छ असलं की...

“ते खोटं आहे,” मागून आवाज आला.

दुपारचं सत्र सुरू व्हायचं म्हणून भोजेबाई आम्हाला बोलवायला आल्या होत्या. किती वेळ दारात उभ्या होत्या कोण जाणे. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“तुमचा हितसंबंध होता, मगदूम. रोज सकाळी चहाच्या वेळेला तो तुम्हाला फोन करायचा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंत ते खोटं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. आणि माहीत असून मी साक्ष दिली.”